अठरावा कप

"रुपेशा, हो पावणो कप हलयणा नाय रे!" शिवरामकाका माझ्या कानाशी कुजबुजले. "मी काय करू?"

"ओतत राहा," मी म्हणालो.

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पाइप कारखान्यात काका बावीस वर्षं कहवा देत होते. म्हणजे वेलची घातलेली अरबी कॉफी. समोर बसलेले हॉलंडचे सल्लागार यान नेमकी त्यांचीच जागा रद्द करायला आले होते. माणूस जाणार, मशीन येणार. अहवाल दुपारी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, टेबलावर हवा होता. मी मधला दुभाषा.

कहव्याचा नियम साधा. पाहुण्याने रिकामा कप हलवला की बस्स. नाही हलवला, तर भरायचा. यानना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणणं त्यांना असभ्य वाटत होतं. मी सांगू शकलो असतो. पण कानात बोललेलं भाषांतरात धरत नाहीत.

पाचव्या कपाला यान म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वी युरोप सकाळी उठून बियरचं सूप प्यायचा. कारकून, पाद्री, सर्जनसुद्धा!"

मी भाषांतर केलं. काका ओतता ओतता थांबले. "सर्जनव? मगे पेशंट?"

"पेशंटही प्यायलेलाच," यान म्हणाले.

"मगे ठीक आसा."

नवव्या कपाला यानच्या गोष्टीत जहाजातून कॉफी उतरली. युरोप शुद्धीवर आला, वेळेवर कामाला जायला लागला. अकराव्याला तंबाखू आणि साखर. चौदाव्याला लंडनच्या कॉफीच्या दुकानांत विमा, शेअर आणि राजाची निंदा, सगळं एकदम सुरू झालं. यान आता उभे राहून बोलत होते.

"आणि ती कॉफी ओतणारो कोण होतो?" काकांनी विचारलं.

यान खाली बसले. "त्याची कुठे नोंद नाही," ते म्हणाले आणि विचारात पडून आणखी तीन कप प्यायले.

अठराव्या कपानंतर त्यांचा हात थरथरू लागला. रिकामा कप बोटांत नाचला.

"हललो! खलास!" काकांनी ताबडतोब किटली मागे घेतली.

यानना पेन धरवेना. त्यांनी अहवाल मला तोंडी सांगितला: मशीन घ्यावं. मात्र शेजारी हा माणूस ठेवावा. कुठे थांबायचं हे फक्त त्याला कळतं.

अर्बाबने सही केली.

पुढच्या महिन्यात मशीन आलं. काकांनी ते पुसलं, भिंतीकडे अर्धा हात सरकवलं, आणि स्वतः दाराच्या बाजूला उभे राहिले. येणाऱ्याला आधी माणूस दिसावा म्हणून.