दोन ते साडेतीन

नवरा गेल्यावर त्याच्या छातीतला पेसमेकर डबीत घालून बाईंनी कपाटात ठेवला होता. तीन महिन्यांत ढब्बूचं, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदयही अडखळायला लागलं. प्राण्यांचे हृदयतज्ज्ञ म्हणाले, माणसाचं यंत्र निर्जंतुक करून कुत्र्याला बसवता येतं. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी मात्र डबी आणून दिली.

एक आगळीक त्यांच्या हातून झालीच. नवरा रोज दोन ते साडेतीन झोपायचा, घराला आग लागली तरी उठायचा नाही, आणि तेवढ्या वेळात यंत्र ठोके पन्नासवर आणायचं. ऑपरेशनआधी त्यांनी टेक्निशियनला बाजूला घेतलं. "बाकीचं सगळं पुसा. त्यांची झोप तेवढी राहू द्या." त्याने मान हलवली.

ढब्बू टुणटुणीत झाला. पण दोन वाजले की नवऱ्याच्या आरामखुर्चीखाली आडवा पडायचा तो ढिम्म हलायचा नाही. साडेतीनला आपला आपण उठायचा. बाईंना बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. मग काल तो चारपर्यंत उठलाच नाही आणि त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. आपली हौस त्याच्या जिवावर बेतणार, या धास्तीने बाईंनी सकाळीच दवाखाना गाठून सगळं कबूल केलं.

टेक्निशियन ओशाळला. "काकू, तुमचं मन मोडवेना म्हणून मान हलवली. मी सगळं पुसलं होतं."

डॉक्टरांनी नोंदी काढल्या. "हे यंत्र ठोके ऐंशीच्या खाली जाऊच देत नाही," ते म्हणाले. पडद्यावर मात्र रोज दोन ते साडेतीन पन्नासची रेघ होती. काल ती चारपर्यंत लांबली होती. "उद्या सकाळी यंत्र बदलू. आज त्याला झोपू देऊ नका."

दोन वाजले आणि ढब्बू आडवा झाला. "ऊठ रे राजा," म्हणत बाईंनी त्याला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. साडेतीन झाले, चार झाले, साडेचार झाले. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. बाई खुर्चीशेजारी बसल्या आणि चाळीस वर्षं मारली तशी हाक त्यांनी मारली.

"अहो, उठा. चहा गार होतोय."

ढब्बूने डोळे उघडले. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नवऱ्याच्या जागेपाशी वाट बघत उभा राहिला.

बाईंनी दोन कप काढले. उद्या सकाळी यंत्र काढायचंय, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं ते त्यांना कळेना.