भुताचंच आण

"आता भुताचं नको गं, सान यी मावशी," न्वे नी म्हणाली. "ही प्रेमाची कादंबरी आणलीय. शेवटी लग्न होतं."

"लग्नं कुणाला हवीत? परत कर आणि भुताचंच आण."

न्वे नी तोंड पाडून पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या दुकानाकडे गेली.

इरावतीकाठच्या प्यी गावातल्या त्या कारखान्यात अकरा बायका चिरूट वळायच्या आणि सान यी त्यांना वाचून दाखवायची. तिच्या वाटणीचे चिरूट बाकीच्या वळून देत. वीस वर्षं तिनं त्यांना हडळी, मुंडकी, स्मशानं ऐकवली. बायका किंचाळत, हसत आणि 'वाच की पुढं' म्हणून तिचा जीव खात. घरी दारुडा नवरा आणि खाष्ट सासू असली, की पुस्तकातलं भूत परवडतं.

पण गेल्या महिन्यात इरावतीत होडी उलटली आणि सान यीची मुलगी थीडा गेली. एकोणीस वर्षांची पोर. प्रेतही सापडलं नाही. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण घातल्यावर आईनं मोठ्यानं म्हणायचं असतं, 'पोरी, तू मोकळी झालीस, जा आता.' सान यीची दातखीळच बसली. शेवटी ते शब्द नणंदेनं म्हटले. त्या बाईचं तोंड पाहायचीही सान यीला इच्छा उरली नव्हती.

न्वे नी दुसरं पुस्तक घेऊन आली. शेजारी चिरूट वळणाऱ्या म्हाताऱ्या म्या म्याला राहवलं नाही.

"अगं, तुला भीती नाही वाटत आता हे वाचायची?"

"कसली भीती? यातली मेलेली माणसं निदान घरी तरी येतात."

सान यी वाचू लागली. नदीत बुडालेली मुलगी निथळत्या केसांनी आईच्या दाराशी येते. न्वे नीनं कपाळावर हात मारला. घाईत तिनं पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. मुलगी हाका मारते. शेजारी ओरडतात, उघडू नकोस. बायकांचे हात थांबले. सान यीनं पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. दहा घरं फिरलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान केव्हाच गळून गेलं होतं.

"का गं थांबलीस? पुढं काय झालं?"

सान यीनं पुस्तक जरा छातीशी धरलं आणि ती त्याच आवाजात वाचत राहिली. आईनं दार उघडलं. मुलीचे केस पुसले. भात वाढला. कालवण खारट झालंय म्हणून मुलगी कुरकुरली.

"आणि मग?" म्या म्यानं हळूच विचारलं. "गेली का ती?"

"नाही," सान यीनं वाचलं. "मग आईनं दार आतून लावून घेतलं."