ढाण्याचं भुंकणं

बांधापाशी येताच मनकर्णानं कमरेवरची घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि ती कान देऊन उभी राहिली. पलीकडे श्रीमंतच्या वस्तीवर सामसूम होती. कडब्याच्या गंजीमागून लाकडाची खडखड आली असती तर तिला बरं वाटलं असतं. ती आली नाही, म्हणून तिनं राहीचा हात घट्ट धरला.

"आई, सुटलाय का गं त्यो?"

"गप. बोलू नको."

विहीर दोन्ही घरांच्या सामाईकीतली, पण होती श्रीमंतच्या अंगणापलीकडे. गावातल्या बाकीच्या विहिरींनी त्या दुष्काळात दिवाळीलाच तळ दाखवला होता आणि हिच्या कपारीतून अजून घागर-दोन घागरी पाणी झिरपत होतं. तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. रोज त्या अंगणाच्या कडेनं जायचं, आणि तिथं त्याचा कुत्रा ढाण्या असायचा. वासराएवढं धूड, एक कान फाटलेला, आणि नजर अशी की माणसानंच आपली नजर खाली घालावी.

श्रीमंत तसा वाईट माणूस नव्हता. मनकर्णाच्या नवऱ्याचा, सहादेवचा, लांबचा चुलतभाऊ, अडीअडचणीला धावून येणारा. पण त्या साली चोर सोनंनाणं सोडून कडबा नेत होते आणि त्याच्या बैलांचा जीव त्या गंजीवर अवलंबून होता. कुत्रं साखळीला बांधलं तर ते राखण काय कपाळ करणार, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं अर्ध्या गावाला हसू येईल अशी तोड काढली. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात तसं बाभळीचं एक लोढणं त्यानं ढाण्याच्या गळ्यात अडकवून दिलं. पळायला लागला की लाकूड गुडघ्यांवर आदळायचं आणि तो अडखळायचा. लोक हसले, मनकर्णाला मात्र हसू आलं नाही. ते लोढणं ज्या दोरीला लोंबत होतं ती दोरी तिनं जवळून पाहिली होती. मोटेच्या जुन्या नाड्याचा तुकडा होता तो, तिच्या सासूपेक्षाही म्हातारा.

"भावजी, साखळी आना की," ती कितीदा तरी म्हणाली होती. "पोरगी घराभाईर पडायला भेती."

"वहिनी, भुंकनारं कुत्रं चावत न्हाई. मान्सं उगीच म्हनत्यात व्हय? अन् ह्या बाजारी आनतोच बघा साखळी."

बाजार आले नि गेले. साखळी काही आली नाही.

सहादेव श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेला होता. घरात उरल्या होत्या तिघी: ती, राही आणि सासू बनुबाई, जिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. भांडायला जायचं तर कुणाच्या जोरावर? तलावाच्या दुष्काळी कामावर दिवसभर माती वाहताना मनकर्णाचा जीव घरी असायचा. पोरगी तहानेनं विहिरीकडे तर गेली नसेल, कुणा शेळीमागं बांध तर ओलांडला नसेल. डोक्यावरची पाटी खाली टाकून तसंच पळत सुटावं असं तिला वाटायचं.

त्या सकाळी जाताना काही झालं नाही. घागर भरून परतताना अंगणाचा कोपरा मागं पडला, बांध हाकेवर आला, आणि मनकर्णानं राहीचा हात जरा सैल सोडला. तेवढ्यात मागून काहीतरी सपकन आलं. खडखड नाही, गुरगुर नाही. राहीच्या किंकाळीनंच ती वळली. ढाण्यानं पोरीची पोटरी धरली होती. गळ्यात दोरीचं तुटकं टोक लोंबत होतं. मनकर्णानं भरली घागर त्याच्या अंगावर घातली. तो सुटला, दोन पावलं मागं सरला आणि तिथंच उभा राहून बघत राहिला. म्हण अगदीच खोटी नव्हती. तो भुंकला नव्हता.

श्रीमंत धावत आला. कुत्र्याला त्यानं काठीनं गंजीकडे पिटाळलं, मग पोरीच्या पायाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"दोरी तुटली वहिनी. आईशप्पत, कालच बघितली हुती..."

मनकर्णाच्या तोंडाला आलं ते ती बोलली. पोरीला छातीशी धरून, सगळी वस्ती ऐकेल अशा आवाजात.

"मारा ते कुत्रं! आजच्या आज मारा. त्यो जित्ता हाय तवर तुमच्याशी बोलनार न्हाई मी. तुमच्या दारात पानी मागाया सुदीक येनार न्हाई."

घरी बनुबाईनं चाचपडत जखम शोधली आणि तिच्यात लाल मिरचीची पूड भरली. कुत्रं चावलं की करायचं ते हेच. राही लोळून रडली. मग म्हातारी म्हणाली, "आता सात हिरी दाखीव तिला. पान्यात स्वतःचं तोंड दिसलं पायजे. इख उतरतं."

मनकर्णा पोरीला कडेवर घेऊन निघाली. पाटलांची विहीर, मळ्यातली, देवळामागची. प्रत्येक काठावर ती पोटावर झोपायची आणि राहीला घट्ट धरून आत वाकवायची.

"दिसलं का तोंड?"

"न्हाई आई. चिखल हाय."

पुढच्या विहिरीत दगड होते. त्याच्या पुढचीत बेडूक होता, पाणी नव्हतं. ऊन चढलं तशी राहीची मान तिच्या खांद्यावर पडू लागली. शेवटच्या विहिरीवर पोरगी विचारायच्या आतच म्हणाली, "दिसलं आई. दिसलं तोंड. चल आता घरी." मनकर्णानं आत वाकून पाहिलं. तळाला वाळकी पानं होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. पोरीला घेऊन एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं मिरची धुऊन काढता काढता तिला भरपूर सुनावलं, मग पट्टी बांधली आणि विचारलं, "कुत्रं कुठंय? मारलं नाही ना कुणी?"

"न्हाई. शेजाऱ्याचं हाय."

"मारू देऊ नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. खातंय, पितंय, धडधाकट राहिलं, तर पोरीला भीती नाही. मधेच मेलं किंवा वेड्यासारखं करायला लागलं, तर त्याच दिवशी नगर गाठायचं. तिथं पोटात चौदा सुया घेतात. उशीर केलात आणि हा रोग एकदा उठला, की मग कुणाच्याच हातात काही नाही. कळलं का, बाई?"

तिला कळलं. परतीच्या एसटीत राही खिडकीला नाक लावून बसली होती आणि मनकर्णा तिच्या मांडीवर हात ठेवून एकच गोष्ट घोकत होती, कुत्रं जगलं पाहिजे.

उतरल्यावर तिनं सरळ श्रीमंतच्या दारात जायला हवं होतं. ती निघालीही. बांधापाशी आली आणि पाय अडले. काल सगळ्या वस्तीसमोर आपण काय काय बोललो होतो ते आठवलं. बोलणार नाही म्हटल्याला एक दिवस नाही झाला आणि आपणच आधी तोंड उघडायचं? आणि सांगायची गरज तरी काय? इतकं विनवून ज्यानं साधी साखळी आणली नाही, तो काय लाडक्या कुत्र्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालणार होता? तेवढ्यात पलीकडून लोखंड वाजलं. श्रीमंतनं कुठून तरी साखळी पैदा केली होती. बांधला तर आहे, मनकर्णा स्वतःशी म्हणाली आणि माघारी वळली.

तेव्हापासून तिची सकाळ बांधावर सुरू होऊ लागली. ज्या आवाजानं अंगाला काटा यायचा त्या आवाजाची ती आता वाट बघायची. गंज आड येत असल्यामुळे ढाण्या दिसायचा नाही. तो भुंकला की तिचा श्वास ठिकाणावर यायचा. कधी जरा उशीर झाला तर ती पुटपुटायची, "भुंक रे बाबा, भुंक." एकदा तिनं आपल्या वाट्याची अर्धी भाकरी गंजीवरून पलीकडे फेकली. ती ढाण्यापर्यंत पोचली का, ते तिला कळलं नाही.

बांधावर रोज एक भरली घागर ठेवलेली असायची. तिला अंगणात पाऊल टाकावं लागू नये म्हणून श्रीमंतच उजाडायच्या आत पाणी शेंदून आणत होता. मनकर्णा ती घागर उचलायची, रिकामी ठेवायची. लांब उभा असलेला श्रीमंत दिसायचा, पण दोघांपैकी कुणीच तोंड उघडायचं नाही.

आणि मग, दहा दिवस पुरे व्हायच्या आतच, एका सकाळी भुंकणं आलंच नाही.

ती थांबून राहिली. चिमण्या ओरडत होत्या, दूर कुणीतरी बैलाला हाकारत होतं. बांधावर घागर होती आणि घागरीजवळ श्रीमंत उभा होता, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली.

"वहिनी, आता ऱ्हाऊ द्या अबोला," तो म्हणाला. "झालं तुमच्या मनासारखं."

"काय झालं?"

"ढाण्याला मारला मी. सकाळीच वढ्याला नेला, कुऱ्हाडीच्या एका घावात..." त्यानं हातातल्या टोपीकडे पाहिलं. "तितंच पुरला. एवढासा हुता, टोपीत घालून आनला हुता मी. लई दिस हिंमत हुईना. पन पोरीपरीस कुत्रं मोठं हाय का? तुमचंच बराबर हुतं."

घागरीचा गळा धरून ती खाली बसली. आपण काय करून बसलो हे तिला एकाच वेळी सगळं दिसलं. श्रीमंतला वाटलं, वहिनीचा राग उतरला.

"बरा हुता का त्यो?" तिनं विचारलं.

"कोन?"

"ढाण्या. काल-परवा. खात-पीत हुता का?"

त्याला हे अजून कुणीच विचारलं नव्हतं. श्रीमंतचे डोळे भरून आले.

"न्हाई वहिनी. दोन दिसांपून भाकरीला तोंड लावलं न्हवतं. पानी ठिवलं तर लवंडून दिलं. नुसता भुंकायचा. घसा पार बसला हुता त्याचा. साखळीचा राग आला असंल. बांधून घ्यायची कवा सवय न्हवती त्याला."

तिच्या तोंडापर्यंत डॉक्टरचं नाव आलं. तिनं श्रीमंतच्या हातांकडे पाहिलं. हात धुतलेले होते, पण बाहीच्या कडेला एक तांबडा डाग राहून गेला होता. आता सांगून काय होणार होतं? आणि सांगायचं तर मग हेही सांगावं लागलं असतं की मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही.

"मला नगरला जायचंय," ती उठत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. पोरीला दाखवायचंय."

"आत्ता? पाय बरा हाय की तिचा."

"आत्ताच."

श्रीमंतनं एवढ्या दिवसांचं तुटलेलं बोलणं नुकतं जोडलं होतं. त्यानं पुढं विचारलं नाही. "चला, फाट्यापतुर मी येतो. बैलांच्यात गाडी वढायचं बळ न्हाई, पन माझं खांदं शाबूत हायत."

मनकर्णानं फडक्यात भाकरी बांधल्या, सासूला दोन शब्दांत सांगितलं आणि राहीला बाहेर आणलं. श्रीमंत उकिडवा बसला. पोरगी आधी बिचकली, मग त्याच्या खांद्यावर चढली. जवळची वाट त्याच्याच अंगणातून होती. खुंट्याशी मोकळी साखळी पडलेली होती. राहीनं मान वळवून वळवून चहूकडे पाहिलं.

"काका, ढाण्या कुटं हाय?"

"गेला त्यो."

"आता येनार न्हाई?"

"न्हाई पोरी. आता तुला कुनाचं भ्या न्हाई."

राही खुदकन हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या अंगणात मोठ्यानं बोलली. "आई, ऐकलंस का? आता मी एकटी जानार हिरीवर. काका लई चांगला हाय, व्हय ना गं?"

"व्हय," मनकर्णा म्हणाली.

ती मागून चालत होती. श्रीमंतच्या छातीवर पोरीचा पाय लोंबत होता आणि प्रत्येक पावलाला ती पांढरी पट्टी हलत होती. फाटा अजून बराच लांब होता. लांबवर रस्त्यावर धूळ उठलेली दिसली. एसटी असेल किंवा नसेलही.

"भावजी," ती म्हणाली, "जरा पळा की."