हरिभाऊंच्या खळ्यातली सावली

ज्ञानाला सीमा नसतात. इंटरनेटने तर पृथ्वीवरच्या कुणालाही घरबसल्या कुठल्याही विद्यापीठात नेऊन बसवलं, आणि मानवजातीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. रत्नागिरीत ते २००७च्या सुमारास घडत होतं, आळीच्या टोकाला असलेल्या सायबर कॅफेच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये, वीज असेपर्यंत.

त्या केबिनमध्ये बसून सावनी गणिताच्या अध्यापनाची पदव्युत्तर पदवी घेत होती. विद्यापीठ पुण्याकडचं, नवंकोरं, संपूर्ण ऑनलाइन. त्याला इमारत तरी आहे का, अशी शंका तिचे सासरे आप्पा दर जेवणाला काढत. सावनी बी.एस्सी. झालेली, एका खाजगी शाळेत पाचवी-सहावीला बेरीज-वजाबाकी करवणारी. तिला दहावीचं गणित शिकवायचं होतं. काही बायकांना पैठणी हवी असते, हिला प्रमेयं हवी होती. पण मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, की दहावीला संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रमाणित शिक्षकच लागतो. जूनपर्यंत प्रमाणपत्र आणलंत तर वर्ग तुमचा, नाहीतर आम्ही जाहिरात देतो.

एप्रिल संपता संपता विद्यापीठाची मेल आली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्यक्ष पाठाचं चित्रीकरण पाठवायचं. विषय समरूप त्रिकोण, विद्यार्थी किमान दहा, वयाची अट नाही, मध्ये कापाकापी चालणार नाही. मुदत मे अखेर.

मे महिन्यात रत्नागिरीत विद्यार्थी मिळत नाहीत. मिळतात ते नातेवाईक. सावनीच्या घरी नवऱ्याचा मावसभाऊ सलिल बायकामुलांसकट, सासूच्या दोन बहिणी आणि त्यांची माणसं आंबे खायला मुंबईहून आलेली होती. ती सगळी आणि आप्पा मिळून नऊ झाले. दहावा मिळेना, तेव्हा ती नाइलाजाने शेजारच्या हरिभाऊंकडे गेली.

हरिभाऊ म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा आणि गडग्याला लागून आप्पांचा माड. तो पडला तर आपल्या गोठ्यावर पडेल, तेव्हा तोडा, असं हरिभाऊंचं म्हणणं. तो तेवढा उंचच नाही, असं आप्पांचं. या मुद्द्यावरचा दावा कोर्टात कैक वर्षं उभा होता, माडासारखाच, आणि त्याला नारळसुद्धा लागत नव्हते. सावनीला मात्र सावलीवरून उंची काढून दाखवायची होती, आणि आसपास उंच म्हणावं असं तेवढंच होतं. गणितात भाऊबंदकी कशाला येईल, असं तिने गृहीत धरलं.

शूटिंगला पाली गावचा महिपत आला. त्याचा सगळा अनुभव लग्नांचा. आल्या आल्या त्याने सावनीला पदर नीट घ्यायला लावला आणि पाहुण्यांना मानाप्रमाणे बसवलं.

साडेदहाला पाठ सुरू झाला. सावनीने मीटरभर काठी जमिनीत रोवली, तिची सावली साठ सेंटिमीटर भरली. आता माडाची. ती गडग्यावरून उतरून हरिभाऊंच्या खळ्यात, म्हणजे त्यांच्या सारवलेल्या अंगणात, लांब पसरली होती. सलिल टेप घेऊन निघाला, तसे हरिभाऊ उठले.

"गणिताला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण सावली माझ्या खळ्यात पडल्ये. टेप मी धरणार."

"माड माझा आहे," आप्पा म्हणाले.

"माड तुझा. सावली माझी."

शेवटी एक टोक यांनी आणि एक त्यांनी धरलं. नऊ मीटर. सावनीने फळ्यावर त्रिकोण काढले, गुणोत्तरं मांडली, आणि हात आपोआप उत्तराकडे निघाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की वर्ग फळ्याकडे नाही, हरिभाऊंच्या गोठ्याकडे बघतोय. माडापासून गोठ्याचं अंतर चौदा मीटर, हे कोर्टाच्या कागदांत होतं आणि आळीला तोंडपाठ होतं.

आप्पांनाही अंदाज आला. "अगो सावनी," ते हळूच म्हणाले, "तेराच्या आसपास बसतंय का बघ."

कॅमेरा चालू होता. सावनीने पंधरा लिहिलं.

मग आप्पांनी उलटतपासणी सुरू केली. त्रिकोण सारखे कशावरून? किरण समांतर म्हणून. समांतर कशावरून, तू सूर्यावर जाऊन आल्येस? सावनीने सूर्याचं अंतर काढलं, कोन काढले, सिद्धता लिहिली. आप्पा वर्ग सोडून निघाले, म्हणजे विद्यार्थी उरले नऊ. तेवढ्यात कोकम सरबताचं तबक घेऊन तिच्या सासूबाई, आनंदीबाई, बाहेर आल्या.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "परीक्षा सुनेची आहे, तुमची नाही."

आप्पा बसले, पण अट घालून. सावली अकरानंतर आखूड होते, तेव्हा परत मोजायची. सावनी म्हणाली, मोजू. मधल्या वेळात तिने उलटसुलट उदाहरणं घेतली, हरिभाऊंनी सगळी बरोबर सोडवली, आणि महिपतने सवयीप्रमाणे प्रत्येक पाहुण्याचा सरबत पितानाचा चेहरा घेतला.

अकरा वाजून गेल्यावर माडाची सावली सहा मीटर भरली. आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे माड दहाचा."

"काठीची मोजा, आप्पा."

आप्पांनी वाकून मोजली. चाळीस सेंटिमीटर. "हीसुद्धा आखूड झाली की गो," ते म्हणाले, आणि पुन्हा मोजली. मग खडू मागून घेतला, फळ्यापाशी उभे राहिले, आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्याविरुद्ध, पंधरा हे उत्तर काढलं.

"माड पंधरा मीटर आहे," त्यांनी जाहीर केलं. "पण तो पडेल आमच्या बाजूला."

महिपतने सीडी करून दिली तेव्हा पाठाच्या सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, सावनी एका बदामात फिरत होती आणि सिद्धतेखाली सनई वाजत होती. कापाकापी नको म्हणालात, मिक्सिंगला कुठे नको म्हणालात, असं त्याचं म्हणणं पडलं. मुदतीचा शेवटचा दिवस असल्यामुळे तीच सीडी कुरियरने गेली. हरिभाऊंनी वकिलासाठी एक प्रत करून घेतली, आप्पांनी दोन.

विद्यापीठाचा अभिप्राय आला. प्रौढ विद्यार्थी गृहीतकालाच आव्हान देतात आणि उत्तर पटेपर्यंत शिक्षकाला सोडत नाहीत, असा पाठ परीक्षकांनी पाहिला नव्हता. सनईचं प्रयोजन समजलं नाही, तरी सर्वोच्च श्रेणी. पाठोपाठ प्रमाणपत्र आलं, मुख्याध्यापकांनी ते उजेडात धरून वाचलं, आणि दहावीचा वर्ग सावनीला मिळाला.

शाळा उघडली त्या सोमवारी ती नवीन खडू घेऊन वर्गावर गेली आणि पहिलं प्रकरण काढायला सांगितलं. वर्गातली सगळी मुलं सुट्टीतच खाजगी क्लासला पुस्तक संपवून आली होती.