दहाच्या आतली वाडी

नियम मीच लिहिला होता आणि वर मिरवलाही होता. आमची संस्था बदलापूर-अंबरनाथच्या आसपास डोळे तपासायची गाडी फिरवते. सगळ्या पेशंटचा डेटा माझ्याकडे. कोणी काय बघायचं ते मी ठरवते. ज्या वाडीत दहापेक्षा कमी पेशंट, ती वाडी गाडीवाल्यांच्या यादीत दिसायचीच नाही, असं मी एप्रिलमध्ये करून ठेवलं. नाव झाकलं तरी एवढ्याशा वाडीत कुणाला काय झालंय ते लगेच कळतं ना! मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "वा, तेजल!" झालं, मी फुगले.

जूनमध्ये नवसी दारात आली. बारवी धरणाकडच्या ठाकूरवाडीतली ही. आठ वर्षं बदलापुरात मांजर्लीला माझ्या घरी रानभाजी आणते. शेवळांची टोपली उतरवत म्हणाली, "ताई, डोल्यांची गाडी नाय आली गं. दोन म्हैनं झालं. चांगोचं औषद संपलं."

चांगो तिचा नवरा. त्याला काचबिंदू. रोजचे थेंब गाडीवरच मिळायचे.

"उल्हासनगरला दवाखान्यात नेऊ काय?" तिनं विचारलं.

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. वाडी होती, चांगोचं नाव होतं. "हे बघ, आहे नाव. येईल गाडी. उगाच हेलपाटे कशाला घालतेस?"

नवसी खूश होऊन गेली.

अरे देवा, पण मी बघितलं होतं माझ्या लॉगिनवरून! मला सगळंच दिसतं, माझा नियम मला लागतच नाही. वाडीत पेशंट सातच होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये?

सप्टेंबरात नवसीनं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा मी गाडीचा रस्ता आखणाऱ्या संतोषला फोन लावून त्याच्यावरच खेकसले.

"मॅडम, कौनसी वाडी? माझ्या स्क्रीनवर तर नाहीच आहे," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि माझाच नियम उघडला.

त्याच दिवशी मी नियम बदलला. आता संतोषला वाडीचं नाव दिसतं, आजार दिसत नाही. आधीच एवढं करायला काय झालं होतं मला? दोन दिवसांनी गाडी वाडीवर गेली. मीही गेले, संतोषलाही घेऊन. डॉक्टरांनी चांगोचे डोळे तपासले.

"डावा गेला. औषध बंद पडलं ना. जूनमध्ये आणला असता तर वाचला असता."

मी नवसीला बाजूला घेतलं. नियम, लॉगिन, सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं म्हटलं. रडलेसुद्धा.

"तुझ्यामुलं कसं? तू तं नाव बघून सांगितलंस," ती म्हणाली. मग माझ्या पिशवीत कर्टुली भरता भरता म्हणाली, "उजव्याच्या तपासनीची तारीक कवा हाय, बघ ना."

मी लॅपटॉप उघडलाच नाही. "संतोष, तुझ्या लॉगिनवर बघ."

"आहे मॅडम, पंधरा तारीख."

नवसी मात्र माझ्याच तोंडाकडे बघत थांबली, मी हो म्हणेपर्यंत.