टकटक करणारा एक्सल

मित्रांनो, सिंदी मेघेला चिंधू मिस्त्रीच्या गॅरेजमागे मोडका लोखंडी दांडा पडलाय ना, तो मी. मी एका मोटारीचा जुना एक्सल आहे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायची, हे माझं काम. मी थांबलो की गाडी थांबली. तरी अकरा वर्षांत मालकाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं!

मालक म्हणजे वासुदेवराव, निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या पत्नीच्या, प्रमिलाबाईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी त्यांना डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यायचो. एकदाही उशीर केला नाही. शाबासकी? तिचं नावच काढू नका.

माझ्या सांध्यावर एक रबर असतं, ते आतलं ग्रीस धरून ठेवतं. मागच्या उन्हाळ्यात ते फाटलं आणि वळणावर मी टकटक वाजू लागलो. चिंधूने खाली वाकून पाहिलं. म्हणाला, "काका, रबर बदलून घ्या जी. आता सांधा वाचते. नाई तं पुरा एक्सल जाईन."

"चालून राह्यली ना गाडी? मंग काऊन खोलाची?" वासुदेवराव म्हणाले. आणि वळण आलं की रेडिओचा आवाज वाढवू लागले.

दसऱ्याला तर कहरच झाला. पूजेसाठी गाडी चकाचक हवी म्हणून जोराच्या फवाऱ्याने वरून-खालून धुतली. फाटक्या रबरातून पाणी आणि चिखल थेट माझ्या सांध्यात! होतं नव्हतं ते ग्रीस वाहून गेलं. वर बॉनेटला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. खाली माझे हाल कुत्रं खात नव्हतं. असली पूजा करता तरी कशाला?

पुढच्याच सोमवारी सेवाग्रामच्या रस्त्यावर, एका वळणावर मी तुटलो. इंजिन नुसतं घोंघावत होतं, गाडी जागची हलेना. ऑटो मिळून प्रमिलाबाई पोचेपर्यंत त्यांचा नंबर निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी नंबर लागेपर्यंत त्यांना धड श्वास घेता येईना. ती गोष्ट मला अजून खाते.

गाडी गॅरेजात आली. "याले दुरुस्त नाई करता येत का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"आता नाई होत, काका. तवा ऐकलं असतं तं झालं असतं."

नवा एक्सल बसला. वासुदेवरावांनी मला पायाने बाजूला ढकललं. "पार्टच भंगार होता. ऐन टायमाले धोका देल्ला!"

बाकावर बसलेल्या प्रमिलाबाई दम खात म्हणाल्या, "त्याले काऊन बोलता? तो वाजून वाजून सांगतच होता. किडनी जाच्या आधी, पाय सुजून राह्यले म्हणून मीबी वर्षभर सांगतच होती. त्याच्या जागी नवा भेटला. माही किडनी कोठून आणसान?"

वासुदेवरावांनी मला ढकलणारा पाय मागे घेतला.

मित्रांनो, उद्या मला भंगारवाला नेईल. नेऊ दे. पण तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर तेवढं त्याच दिवशी ऐका.