जुडग्यातली राखीव किल्ली

कुलूपवाल्या काकांना उघडता आलं नाही असं कुलूप जगात नव्हतं. हे अर्थात काकाच सांगत. एका कारखान्याची तिजोरी म्हणे त्यांनी नुसतं खाकरून उघडली होती, घाबरली बिचारी. अशा माणसाच्या पायाला नखाएवढी जखम व्हावी आणि इस्पितळात येऊनही ती चिघळतच जावी, याचा त्यांना भयंकर संताप येई.

डॉक्टरीणबाई रोज पट्टी सोडत, कपाळाला आठ्या घालत आणि चार-पाच दिवसांनी सलाईनमधलं औषध बदलत. पू मात्र जैसे थे. हे जंतू वॉर्डात मुरलेत, निम्म्याअधिक औषधांना भीक घालत नाहीत, असं त्यांनी समजावलं होतं. काकांना ते पटलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर तसल्याच जखमेनं पडलेल्या पेंटरला ते सांगत, की बाईंना किल्ल्यांचा जुडगा वापरायची अक्कल नाही. एकच किल्ली काय दिवसेंदिवस फिरवायची? प्रत्येक एकदा लावून बघावी, फिरली तर फिरली.

घरी काकांचा कारभार असाच होता. उरलेली किल्ली फेकायची नाही हा धंद्यातला नेम त्यांनी गोळ्यांनाही लावला होता. ताप उतरला की बाकीच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात. पुढच्या दुखण्याला डब्यातली प्रत्येक जातीची एकेक. तो डबा आत्ताही उशीखाली होता आणि जखम ठणकली की काका गुपचूप जुडगा फिरवत होते.

एके सकाळी बाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, आता एकच औषध उरलंय. राखून ठेवलेलं. ते लागू पडलं तर पाय वाचेल, नाहीतर घोट्याच्या वर कापावा लागेल."

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं आणि काकांचा हात उशीखालच्या डब्यावर गेला. पुतण्याच्या दाढेसाठी आणलेली तीच गोळी डब्यात होती. होती म्हणजे, होत्या. आता एखाददुसरीच उरली असेल. काकांनी डबा उशीखाली आणखी आत सरकवला. उभ्या जन्मात किल्ली चुकली असं त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

औषध सुरू झालं. ताप हटेना, पाय काळवंडू लागला. पुन्हा तपासणी झाली आणि बाई वैतागून खाटेच्या कडेवरच टेकल्या. "हे औषध आम्ही या वॉर्डात कुणालाच देत नाही," त्या म्हणाल्या. "मग या जंतूंना त्याला दाद न द्यायला शिकवलं कुणी?"

नेमकी तेव्हाच भेटायला आलेल्या काकूंनी उशी झटकली. डबा खणखणत फरशीवर पडला, गोळ्या खाटांखाली पांगल्या. बाईंनी गोळ्यांची एक रिकामी पट्टी उचलली, नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले. काकू खाली बसून गोळ्या वेचू लागल्या.

"अहो, कुलपं कमी पडली होती का," त्या मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून स्वतःलाच जुडगा लावलात?"

काकांनी पाय कापायच्या संमतीच्या कागदावर सही करायला हात पुढे केला.

त्यांना शस्त्रक्रियेला न्यायला चाकाची खाट आली, तेव्हा बाई डबा टेबलावर ठेवून गोळ्यांच्या पट्ट्या निवडत होत्या. पेंटर कोपरावर रेलला आणि हळूच म्हणाला, "काका, त्यातली एखादी मला ठेवता का? आज फार ठणकतंय."

काकांनी चादरीखालच्या आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. अजून दोन होते.

"बाई," ते म्हणाले, "तो डबा आधी कुलपात टाका. आणि किल्ली माझ्याकडेही देऊ नका."